लवंगांवरचा उपवास

गुडघ्याचं ऑपरेशन हवं असेल तर आधी वजन उतरवा, असं शिरूरच्या डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना सांगितलं आणि आमच्या घरानं अन्नाशी वैर धरलं. उतरवायचं कसं, ते सांगायला डॉक्टरांना वेळ नव्हता.

लहानपणी मेंढरांमागे कोकणापर्यंत पायपीट केलेली ही बाई. तिला आता न्हाणीपर्यंत जायलाही माझा खांदा लागायचा. मला त्याचं काही नव्हतं, त्यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ‘येकदा माझ्या पायानं रानात जाऊन येते, मग काय व्हायचं ते व्हऊ दे,’ एवढंच त्यांचं मागणं.

लिंबू-मधाचं गरम पाणी प्यायल्या, तर पित्त उसळलं. जेवणाऐवजी घ्यायची पावडर कारेगावच्या एका बाईकडून आणली, त्या पावडरीनं जुलाब लागले. भाकरी सोडून नुसत्या काकड्या खाल्ल्या आणि चक्कर येऊन पडल्या. वजन जरा उतरायचं, चार घास पोटात गेले की पुन्हा चढायचं. अंगातली ताकद तेवढी गेली ती गेलीच.

मग नवरात्र आलं. त्यांनी नऊ दिवस नुसत्या लवंगा आणि पाण्यावर राहायचं ठरवलं. आमच्याकडे असे कडक उपवास करणाऱ्या बायकांच्या लोक पाया पडतात. त्यातली मेख मला लगेच कळली. डाएट म्हटलं असतं तर मी भांडले असते, देवीचं नाव घेतल्यावर सुनेनं काय बोलायचं? तरी बोलले.

‘आत्या, तुम्ही शुगरची गोळी घेता. पोटात कायतरी पायजे.’

‘गोळीनं उपास मोडत न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘देवीचंबी व्हईल आन् डॉक्टरचंबी.’

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘आईच्या देवधर्मात मी पडत न्हाई.’ न पडण्यात आमच्याकडचे पुरुष तरबेज आहेत.

अष्टमीला माझी रांजणगावच्या कंपनीत सकाळची पाळी होती. दुपारी घरी आले तर दारात चपलांचा ढीग. आत घटासमोर सासूबाई घुमत होत्या. केस मोकळे सुटलेले, अंग थरथरत होतं, साडी घामानं भिजलेली, तोंडात अर्धेमुर्धे शब्द. गल्लीतल्या बायका त्यांची ओटी भरत होत्या. एक जण लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारत होती.

‘कवापासनं चाललंय?’ मी विचारलं.

‘सकाळच्या आरतीपासनं. लई कडक वारं हाय,’ एकीनं कौतुकानं सांगितलं.

मी पुढं होऊन हात लावला. अंग गार पडलं होतं. ‘देवी हाय ती, शिवू नगं,’ म्हणून कुणीतरी माझा दंड धरला, तो मी झटकला. साखरेचं पाणी करून आणेपर्यंत दातखीळ बसली. सगळं पाणी हनुवटीवरून खाली गेलं.

रक्तातली साखर फार वेळ खाली राहिली, मेंदूला इजा झालीय, असं दवाखान्यात सांगितलं. ‘इतका वेळ तुम्ही करत काय होता?’ तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

‘पूजा,’ मी म्हणाले.

गावात आता दोन मतं आहेत. सुनेनं उपाशी ठेवली, हे एक. घुमत असताना सुनेनं हात लावला म्हणून देवी कोपली, हे दुसरं. मला दोन्हींचा संताप येतो, पण सांगणार कुणाला? ओटी भरणाऱ्या बायका हल्ली आमच्या दारावरून खाली मान घालून जातात.

सासूबाई कुणालाच ओळखत नाहीत. वजन मात्र डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहूनही उतरलंय. मी एकटी त्यांना उचलून कुशीवर वळवते. सकाळी दुधात भाकरी कुस्करून घास पुढं केला, की त्या ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवतात. दोनच शब्द शिल्लक राहिलेत त्यांच्याकडे, ‘उपास हाय.’

‘सुटला, आत्या, उपास सुटला,’ असं मी रोज सांगते आणि गाल दाबून त्यांचं तोंड उघडते.