हा आपलाच हाय

"नाव काय तुमचं?"

रविवारची दुपार होती. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या हॉटेलात मधली दोन टेबलं जोडून बारा माणसं बसली होती. सांगली-साताऱ्याकडच्या खाणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. कुठलं मटण झणझणीत, कुठल्या परमिट रूमचा चकणा शिळा, कुठं भाकरी तव्यावरनं थेट ताटात येते, यावर तिथं रोज पोस्टी पडतात. त्या ग्रुपातली ही मंडळी. हॉटेलवाले म्हणून आम्हीही त्यात होतो. रस्सा तिसऱ्यांदा मागवून झाला होता. वस्तादाला बाहेर बोलवा, फोटो काढू, म्हणाले.

आमचे वस्ताद म्हणजे चाचा. हात पुसत बाहेर आले. कमरेला टॉवेल, कपाळावर घाम. त्यांच्या पाठोपाठ मी.

नाव विचारलं ते आबासाहेबांनी. ग्रुपात सगळ्यात लांब पोस्टी लिहिणारा माणूस. नोकरीतून निवृत्त, गावाकडं ऊस, बोलायला गोड.

चाचांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडलांचं. गाव मेढा. विचारलं म्हणून सांगितलं.

आबासाहेबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, रश्शात बुडवलेला. तो त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. अगदी हळू. मग बोटं रुमालाला पुसली.

"म्हणजे हे मटण तुम्ही करता?"

"व्हय सायेब. लय वर्सं झाली."

"आणि हा?" बोट माझ्याकडं.

मी तोंड उघडायच्या आत आमचे मालक अण्णा गल्ल्यावरून उठून आले. माझ्या खांद्यावर हात टाकला. "हा राजू, सायेब. कडेगावकडचा. हा आपलाच हाय."

आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

माझं नाव राजू नाही. मी मुलाण्याचा पोरगा, मुसलमान. तरी मान हलवली.

फोटो माझा काढला. चाचा आत गेले. जाताना एकदाच त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

ही मान हलवल्याची गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. मला बोलायची सवय कमी. आता पन्नाशी आली आणि ज्यांच्यापाशी बोलायला पाहिजे होतं ते माणूस राहिलं नाही. म्हणून लिहितो.

राजू हे नाव मला कुणी मारून-मुटकून दिलं नव्हतं. विशीत कामाला लागलो तेव्हा अण्णा म्हणाले, "गड्या, गिऱ्हाईक हाक मारतंय. सोपं नाव पायजे." दुसऱ्या दिवसापासून राजू. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. राजूला कुणी काही विचारत नव्हतं. राजूला लोक घरातलं बोलत, आमच्यासारख्यांबद्दलचं वाकडं-तिकडंही माझ्यासमोरच बोलत, आणि मी कांदा चिरत हसायचो.

चाचांना नाव बदलायला कुणी सांगितलं नाही. ते भटारखान्याच्या बाहेरच येत नसत. बारच्या बाजूला तर त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. चकण्याची कलेजी परतून खिडकीतून पुढं सरकवायची, बस. कांदा ते निखाऱ्यावर सालीसकट भाजायचे, वरून पार काळा होईपर्यंत. मसाला वाटताना कुणी बोललेलं खपत नसे. मला जे येतं ते सगळं त्यांच्या हातून आलेलं.

रमजानात चाचांचा रोजा. दिवसभर मटणाच्या पातेल्यासमोर उभे, पण थेंब चाखायचे नाहीत. वासावर मसाला ओळखायचे. मिठाचं मात्र वासावर जमत नाही. मग मला हाक मारायचे, "मीठ बघ रं." मी पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटायचो. चाचा तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. रोजा मलाही धरायचा होता. पण राजूनं रोजा धरला तर लोक विचारणार. म्हणून मी चाटायचो आणि सांगायचो, "बरोबर हाय." त्यांनी एकदाही मला टोकलं नाही. फक्त तोंड फिरवायचे.

त्या रविवारनंतर सोमवारी सकाळी आबासाहेबांची पोस्ट आली. जेवणाचं कौतुक होतं. शेवटी दोन ओळी: "कुणाचं मन दुखवायचं नाही. पण भटारखान्यात कोण आहे ते विचारून जेवत चला." खाली उत्तरांची ही रांग. कुणी म्हणालं बरं झालं सांगितलं. कुणी म्हणालं चवीला जात नसते. त्याला दुसऱ्यानं झापलं. एकानं मध्येच विचारलं, "ते असू दे, पार्किंग हाय का तिथं?"

अण्णा मोबाईल घेऊन माझ्याकडं आले. माणूस वाईट नाही. माझ्या बायकोला बाळंतपणाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलेला माणूस. पण घाबरलेला होता.

"राजू, तुला चांगलं लिवाय येतंय. लिही. आमच्याकडं सगळे कामगार आपलेच हायती. काळजी करू नका."

मी लिहिलं. "आमच्या भटारखान्यातील सर्व कामगार आपलेच आहेत. ग्राहकांनी निश्चिंत असावे."

'निश्चिंत असावे' अण्णांनी सांगितलं नव्हतं. ते मी घातलं. वाक्य चांगलं दिसावं म्हणून. चाचा चार हातांवर कांदा भाजत होते.

आता 'आपलेच' खरं करायचं होतं. अण्णा चाचांना म्हणाले, "चाचा, थोडं दिवस गावाकडं जाऊन या. गवगवा कमी झाला की बोलावतो." चाचांनी वाद घातला नाही. टॉवेल धुऊन तारेवर वाळत टाकला. पिशवी घेतली. त्यांची पळी होती, लांब दांड्याची, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. ती माझ्या हातात दिली.

"मीठ बघत जा," म्हणाले.

मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायलासुद्धा गेलो नाही. कुणी बघितलं असतं.

मग मटण मी करायला लागलो. तोच मसाला, तीच भट्टी, तीच पळी. ग्रुपात पहिले दोन-तीन महिने बरं चाललं. "राजूभाऊंच्या हातची चव, एक नंबर." असलं वाचून माझी छाती फुगायची, हेही कबूल करतो. नंतर हळूहळू सूर बदलला. रस्सा नुसता तिखट लागतोय. कलेजी चिवट. आणि एक दिवस खुद्द आबासाहेबांनी लिहिलं, "पूर्वीची चव राहिली नाही. काय बदललं कळत नाही."

कळत नाही म्हणे.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात ते हॉटेलात आले. ग्रुपातले पाचसहा जण सोबत. जेवण झाल्यावर मला बोलावलं. गावची जत्रा जवळ आली होती.

"राजू, एक काम हाय. आमच्या गावचा मुलाणी म्हातारा होता, तो वारला. पोरं पुण्याला. बकरं कापायला कोण न्हाई. तुमच्या कडेगावकडं कुणी मुलाणी असला तर बघ की. देवाचं बकरं हाय, दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत न्हाई."

आमच्या भागात हे असंच आहे. जत्रेचं बकरं मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय देवाला जात नाही. माझ्या आज्यानं कापली, बापानं कापली. लहानपणी बापासोबत मीही गेलोय. काम झालं की मुलाण्याचा वाटा पानात बांधून देतात. तो घ्यायचा आणि पंगत बसायच्या आत मागच्या बाजूनं घरी जायचं.

"बघतो सायेब," मी म्हणालो. तेव्हाही एवढंच.

पण ते मला पचेना. रश्शातला घास खाली ठेवणारा हाच माणूस. आणि देवाच्या बकऱ्याला ह्याला मुलाणीच पाहिजे. दोन दिवस भट्टीसमोर उभं राहून हेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि साताऱ्याची गाडी धरली. तिथून मेढा.

चाचा उंबऱ्यावर बसलेले. अंगानं निम्मे झालेले. मला बघून त्यांनी माझ्या खऱ्या नावानं हाक मारली. हॉटेलात इतकी वर्षं तेही मला राजूच म्हणायचे, माझ्या सोयीसाठी. मला पटकन ओ देता आली नाही.

मी पायाशी बसलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण सुरुवात त्यांनीच केली.

"सून हाय त्या ग्रुपात, मोबाईलवर समदं वाचून दावती मला. निश्चिंत असावे. तूच लिवलंस न्हवं? लय चांगलं लिवलंस."

मी मान हलवली.

"एक सांग. आपलेच म्हंजे कोण रं?"

चुकलो चाचा, एवढं म्हणालो. त्यांनी ते ऐकलं का नाही कळलं नाही. सुनेला म्हणाले, "ह्याला वाढ गं. लांबनं आलाय."

भात आणि आमटी. चाचांच्या ताटात तेच. मी पहिला घास घेतला.

"मीठ बघ रं," चाचा म्हणाले.

"बरोबर हाय," मी म्हणालो.

चाचा हसले, आवाज न करता. "डागदरनं मीठ बंद केलंय माझं. ह्या आमटीत मीठच न्हाई. आन तू बरोबर हाय म्हणालास."

सून दारात उभी होती. तिनं मान वळवली.

खरंच मीठ नव्हतं. पहिल्या घासाला जिभेला कळलं होतं. तरी तोंडातून तेच आलं. कुणी काही विचारलं की बरोबर हाय. राजू म्हणालं की बरोबर हाय. आपलाच म्हणालं की बरोबर हाय. चाचांना बाहेर काढलं, तेही बरोबर हाय. ती अळणी आमटी मी शेवटपर्यंत जेवलो. माफीबद्दल चाचा काही बोलले नाहीत. निघताना मीही परत विचारलं नाही.

रविवारी दुपारी आबासाहेब आले. तेच टेबल, तीच माणसं.

"काय राजू, घावला का मुलाणी?"

"घावला."

"कोण?"

"मीच."

ते हसले. त्यांना चेष्टा वाटली. मग मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. आडनाव मुलाणी, तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. मला चढवता येतही नाही.

"तुमी त्या दिवशी घास खाली ठेवलात सायेब. त्यानंतर इतकं महिनं माझ्या हातचं जेवलात. आन आता बकऱ्याला माझाच हात पायजे."

"अरे, तसं काय न्हाई. आमच्या गावात मुलाण्याला मान असतो."

"वाटा देता. पंगतीला बसवत न्हाई."

अण्णा पुढं आले. "राजू, आत जा तू. आत जा आधी."

"आज आत जात न्हाई, अण्णा."

त्याच टेबलापाशी उभं राहून मी मोबाईल काढला आणि ग्रुपात लिहिलं. ज्या चवीची तुम्ही वर्षानुवर्षं तारीफ केली ती मेढ्याच्या चाचांची होती. 'सर्व कामगार आपलेच' हे खोटं मी लिहिलं होतं. राजू हे माझं नाव नाही, हे आहे. खाली पूर्ण नाव टाकलं.

तासाभरात मला ग्रुपातून काढलं. त्याआधी तीन उत्तरं आली होती. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकानं लिहिलं, फसवणूक आहे. तिसऱ्यानं विचारलं, "चाचा आता कुठं बनवतात? पत्ता टाका."

नोकरी त्याच दिवशी सुटली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण थांब म्हणाले नाहीत. पळी मी घेऊन आलो.

मी लिहिलेलं चाचांना वाचून दाखव, असं त्यांच्या सुनेला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "काय न्हाईत. ऐकलं आन कूस बदलली."

त्या पावसाळ्यात चाचा गेले. मातीला मी होतो. तिथंही मला माफी मिळाली नाही. मिळायचीही नाही. ते माझ्यापाशीच राहणार.

आता मी कडेगावच्या अलीकडं एका ढाब्यावर मटण करतो. मालकाला पहिल्या दिवशी अट घातली. गिऱ्हाईकानं वस्तादाला बोलावलं तर मी बाहेर येणार आणि माझं नाव मीच सांगणार. दोनतीनदा माणसं उठून गेली. जाऊ देत. त्यांचं ताट मी उचलतो, मान हलवत नाही.

यंदा जत्रेआधी आबासाहेबांच्या गावातून फोन आला. बकऱ्यासाठी. मी म्हणालो, येतो. नावानं बोलवा. काम झालं की सगळ्यांबरोबर पहिल्या पंगतीत बसणार, आणि माझ्या शेजारी आबासाहेब बसले पाहिजेत. पलीकडचा माणूस म्हणाला, विचारून सांगतो.

अजून फोन नाही. पानात वाटा बांधून घेऊन मागच्या बाजूनं घरी जाणारा मुलाणी त्यांना कुठंतरी मिळेलही. माझ्या घरातला मिळणार नाही.