पुढची चाल

कॅनडात, रेजिना शहरात, युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल मॅचला माझ्या शेजारी नेहमी एक गोरे आजोबा बसायचे, मांडीवर थर्मास घेऊन. आमची टीम रांगेत उभी राहिली, की ते हातमोज्यातलं बोट डावीकडे दाखवायचे. तिकडच्या फुटबॉलमध्ये बॉल हातात घेऊन पळतात; आमचा खेळाडू डावीकडेच पळायचा आणि समोरचे त्याला तिथेच आडवा पाडायचे. समोरच्या टीमलाही ते पाठ झालं होतं.

एकदा वैतागून मी म्हणालो, "अहो, कोचला सांगा ना कुणीतरी!"

"माझाच मुलगा आहे तो," आजोबा हसले. "दर रविवारी सहाला फोन करतो. 'थंडी आहे का?' हेच पहिलं वाक्य. त्याला 'बदल' असं कसं सांगू?"

त्या रविवारी मी पुण्याला आईला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "हो, जेवले."