सुईवाली बाई
मोहाची फुलं गळायला लागली की त्या गोडसर वासाबरोबर मला सातपुड्यातल्या पाड्यावरचा माझ्या नोकरीचा पहिला दिवस आठवतो. मी शहाद्याकडची, नवीन अंगणवाडी सेविका, इस्त्रीची साडी नेसून खांद्याला काळी पिशवी लावून गेले होते. मला पाहताच पोरं झाडांमागे पळाली. “ताई, पोरे तुमले सुईवाली समजी ऱ्हायनात,” मदतनीस म्हणाली. ऊन चढलं, खिचडी शिजून निवली, तरी कोणी येईना. हे काम आपल्याला जमायचं नाही, असं वाटू लागलं. शेवटी मी ओट्यावर बसून पिशवी रिकामी केली. कंगवा, रुमाल, जेवणाचा डबा, एवढंच निघालं. एक चिमुरडी हळूहळू जवळ आली. तिने पिशवीत कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला, मग माझे दोन्ही तळवे उघडून पाहिले आणि झाडांकडे वळून त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी ओरडली. मदतनीस हसली. “म्हनस, इन्हाजोडे सुई नही.” पोरं आली, गार खिचडी खाऊन गेली. आता मला पावरी येते. लसीकरणाला नर्सबाई आल्या की पोरं धावत माझ्याच मांडीवर येऊन बसतात, आणि सुई टोचताना त्यांचे हात मीच घट्ट धरून ठेवते.