सजद्यातून उठताना

त्या वर्षी मला नमाजाची भीती वाटू लागली होती. हे कुणाला सांगायचीही लाज वाटे. सजद्यात जाताना गुडघे कसेबसे वाकायचे, पण उठताना हाडावर हाड घासल्यासारखं व्हायचं आणि सुनेला हाक मारावी लागायची. इमामसाहेबांनी निरोप पाठवला होता की आजाऱ्यानं बसून नमाज पढली तरी चालते. मलाही ते ठाऊक होतं. पण दिवसभर बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईला कपाळ जमिनीला टेकण्याचा तेवढाच विसावा असतो. तोही गेला, असं वाटायचं.

मी उस्मानाबादजवळच्या तेर गावची. मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि सून लिहून घेते आहे. मालक गेल्यापासून आसपासच्या खेड्यांत बांगड्या भरून मी संसार ओढला. निजामाचं राज्य गेलं, जिल्हा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, एस.टी. धावू लागली, तरी वाड्या-वस्त्यांवर पायीच जावं लागे. पन्नाशी उलटली आणि गुडघे थकले. उस्मानाबादच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "सांधा झिजलाय. ओझं उचलू नका, जरा आराम द्या." त्या 'जरा'चे मी दोन महिने केले. अल्लाची मर्जी, असं तोंडानं म्हणत बाजेवर पडून राहिले; मनातून मात्र त्याच्यावर रुसले होते. उठले तेव्हा पाय पहिल्यापेक्षा जास्त लटपटत होते. एका दुपारी तर अजान ऐकूनही मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

त्याच दिवसांत शेजारच्या गावातून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी लेकीच्या लग्नाचा चुडा भरायला बैलगाडी पाठवली. नाही म्हणवेना. एक पाय लांब करून मी अंगणात बसले, नवरीच्या हातात हिरवा चुडा चढवला, पाठोपाठ घरातल्या सगळ्या बायकांचे हात भरले. शेवटी उठायला गेले तर उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उभं केलं. एक पोरगी हसून म्हणाली, "चाचीलाच आता पाळण्यात घालून न्यावं लागतंय!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी भिंत धरत घरामागं गेले आणि कडब्याच्या गंजीला टेकून रडले.

तिथं आधीच एक बाई बसलेली होती. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. ती नवरीची मावशी होती. विधवेनं चुड्यापाशी थांबू नये, म्हणून कुणी बोलायच्या आत आपणच उठून मागं आली होती. मीही विधवाच; पण माझ्या हातात धंदा होता, म्हणून मला मांडवात जागा होती.

"चाची, कवापासून दुखतंय?" तिनं विचारलं.

"लई दिवस झाले, बाई. दोन महिने पडून काढले, तरी न्हाय गेलं."

"बघू बरं. मी सोलापूरला दवाखान्यात नर्स हाय."

तिनं गुडघा चाचपला, मग मांडी दाबून बघितली. "ही मांडी बघा कशी वाळलीय. गुडघा मांडीच्या जोरावर चालतो, चाची. तुम्ही निजून मांडीच उपाशी मारली."

कडब्यावरच पाय पसरायला लावून तिनं शिकवलं. गुडघ्याखाली कापडाची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती दाबायची, पाच मोजेपर्यंत धरायची. बाजेच्या कडेला बसून पाय सरळ उचलायचा. उंच पाटावरून हाताचा टेकू न घेता उठायचं, बसायचं. रोज थोडं चालायचं.

"आन् दुखलं तर?"

"थोडं दुखंल. दुसऱ्या दिवशी लई ठणकलं तर कमी करा. सोडू मात्र नका."

पहिले पंधरा-वीस दिवस काहीच फरक पडला नाही. कंटाळा यायचा, रडू यायचं. कळ आली की आकडे चुकायचे, म्हणून मी प्रत्येक वेळी पाचदा अल्लाचं नाव घेऊ लागले. ते चुकत नसे. सून शेजारी बसून म्हणायची, "अम्मा, अजून एकदा." असे तीन महिने गेले. मग एका संध्याकाळी नमाजाला उभी राहिले, सजद्यात गेले आणि हाक न मारता उठले. सून दारात पाणी घेऊन उभी होती. त्या दिवशी मी पुढचा सजदा जरा लांबवला.

गुडघे नवे झाले नाहीत. थंडीत अजून धरतात, उकिडवं बसवत नाही. बांगड्याही आता स्टुलावर बसूनच भरते. ज्या दिवशी फार दुखतं, त्या दिवशी बसून नमाज पढते आणि आता त्याची लाज वाटत नाही. मर्जी त्याची, हे मी बाजेवर पडून खूप म्हटलं होतं. ते खरं कळलं ते जड पाय रोज थोडासा उचलताना, उद्या काय होईल ते ठाऊक नसताना.

पुढं नवरीच्या आईकडं चौकशी केली, तर मावशीची बदली कुठंतरी लांब झाली होती. त्या दिवशी तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं, आणि नंतर तिच्या बहिणीलाही विचारायचं राहिलं. दुआ मागताना मी 'ती बाई' एवढंच म्हणते. ज्याला सांगते, त्याला ती कोण हे ठाऊक आहे.