मालकाचं अंग

"न्हाई ओ मामा, शुगर न्हाई. बीपी बी न्हाई. पळायलो मी रोज, म्हून बारीक व्हायलो."

"पळायलाव? कुणाला भेऊन?"

खानावळीतली सगळी ताटं हसली. गल्ल्यावर बसलेला बसवंतही हसला. हे विचारणारा, मुरुडहून आलेला म्हातारा मात्र हसला नाही. नातवाला त्यानं लातुरात डॉक्टरकीच्या क्लासला टाकलं होतं आणि आता त्याच्या पोटाची सोय बघत खानावळी हिंडत होता. त्यानं बसवंतची बसलेली गालफडं बघितली, सदऱ्यातली मोकळी जागा बघितली.

"भाकर चांगली हाय तुमची. पण मालकच असा वाळायलाय म्हटल्यावर..."

वाक्य तिथंच सोडून त्यानं नातवाला उठवलं आणि समोरच्या खानावळीत नेलं. तिथला मालक दारातून आडवा होऊन आत जायचा.

असलं हे पहिलं गिऱ्हाईक नव्हतं. लिंगायत खानावळीचं अन्न लोक तोंडात घालायच्या आधी मालकाच्या अंगावर जोखतात. मालक भरलेला असला म्हणजे तूप खरं, तेल ताजं. बसवंतचा बाप तसा होता, थोरला भाऊ शंकरप्पा तसा होता, आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत सव्वाशे किलोंचा बसवंतही तसाच होता. गल्ल्याची खुर्ची त्यानं सुताराकडून मापानं करून घेतली होती.

शंकरप्पा तव्यापुढंच गेला. भाकर उलटायला हात उचलला आणि तसाच कलंडला. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. खड्डा नेहमीच्या मापाचा खणलेला, शंकरप्पा त्यात बसेना. खांदे अडकले. स्वामी मंत्र थांबवून उभे राहिले आणि भावकीतली पोरं परत कुदळी घेऊन कडा छिलायला लागली. गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "धाकट्याचं माप बी आजच घिऊन ठिवा." आवाज ओळखीचा होता. बसवंतनं मान वर करून बघितलं नाही, एवढंच.

महिन्याभरानं तो पळायला निघाला. पहिल्या दिवशी चौकापर्यंत गेला आणि रिक्षात बसून परत आला. मांड्या घासून सोलवटल्या होत्या. खोबरेल चोळून दोन दिवस फाकून चालला. बायको आरती म्हणाली, "बाळंतीण बरी चालते."

मग त्याला रेणापूरजवळच्या आपल्या शेतातली विहीर आठवली. लहानपणी बाकीची पोरं पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली. बसवंतला भोपळा लागलाच नाही, नुसता ढकलला तरी तरंगायचा. तो पहाटे गाडीवर जाऊन विहिरीत उतरू लागला. पाण्यात वजन लागत नव्हतं. जमिनीवर जे अंग त्याला ओढत न्यावं लागायचं, तेच तिथं त्याला उचलून धरायचं.

सायकल मकसूदची. त्याचं दुकान गंजगोलाईच्या मागं, आणि दोघं एका वर्गातले. बसवंत बसला की मागच्या चाकाच्या तारा तुटायच्या.

"अप्पा, तुमकू सायकल नक्को," मकसूद म्हणाला, "तुमकू ट्रॅक्टर का चाक होना."

तरी त्यानंच कुठूनतरी ओझ्याच्या सायकलचं जाड चाक आणून बसवलं. नांदेडच्या कुठल्याशा क्लबची जाहिरातही त्यानंच फोनवर दाखवली. ट्रायथलॉन. आधी पोहायचं, ओल्या अंगानंच सायकलवर बसायचं, उतरलं की पळायचं.

"तीन कामं एका दमात?" बसवंत म्हणाला. "म्हंजे आपल्या खानावळीतला रविवारच की."

"नाम डालू क्या?"

"टाक."

त्यानंतर त्याच्या जगण्याला एक टोक आलं. पहिला नंबर त्याला नको होता. शेवटचा आला तरी चाललं असतं. पण शंकरप्पा ज्या वयात गेला ते वय ओलांडताना आपण पळत असावं, एवढं एकच त्यानं डोक्यात धरलं. पुढच्या दिवाळीपर्यंत पंचवीस-तीस किलो उतरले. घोरणं थांबलं. उभ्यानं स्वतःच्या पायाची नखं दिसायला लागली. फक्त गालाची कातडी लोंबली, आणि लोकांना तेवढीच दिसली.

त्यात शिल्पाचं स्थळ आलं. शिल्पा शंकरप्पाची मुलगी, बाप गेल्यावर तिचं सगळं बसवंतवरच होतं. पाहुणे बिलोलीकडचे, मुलगा शाळेवर मास्तर, बाप गुरुबसप्पा आडतवाले. पोहे झाले, मुलीला दोन प्रश्न विचारून झाले. मग गुरुबसप्पा कपातला चहा निवेपर्यंत बसवंतकडंच बघत बसले.

"दवाखाना कुठला चालू हाय?"

"दवाखाना न्हाई ओ. ट्रायथलॉन करायलो मी."

"असं असं," गुरुबसप्पा म्हणाले. नवी गोळी ऐकावी तसं त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सोयरीक जमवणाऱ्या मल्लेशचा फोन आला. "पोरगी पसंत हाय, अप्पा. पण बाप तसा गेला अन् चुलता असा वाळायलाय. घराण्यात काय तरी हाय म्हणायलेत. मी आडवून धरलंय. येळवशीला शेतात जेवायला बोलवा त्यांना. तंवर जरा भरून या."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली, शेतात पंगती घालायची अमावास्या. नांदेडची स्पर्धा तिच्यानंतरच्याच रविवारी होती.

"रिपोर्ट दाखवतो की त्यांना," बसवंत आईला म्हणाला. "रक्त, लघवी, छातीची पट्टी, समदं नीट हाय."

"दाखव. गावभर दाखव," केवळाबाई म्हणाली. "सोयरिकीत कुणी रिपोर्ट दाखवतंय व्हय? कागद काढला की रोग हायच म्हणतेत."

"माय, दादा कशानं गेला?"

"त्याचं भरलं होतं म्हून गेला. मागं ठिवलेलीचं बघ."

बसवंत स्वयंपाकघरात गेला. शिल्पा शेंगा भाजत होती. खड्ड्याच्या कडा छिलत होते तेव्हा ती बायकांत उभी होती, तिनंही ते मापाचं बोलणं ऐकलं होतं. ही तरी म्हणंल, जावा काका, असं त्याला वाटलं.

"काका, लग्नानंतर पळा की," ती कढईतून नजर न काढता म्हणाली. "सडक कुठं पळून जायली?"

मास्तरांशी तिचं फोनवर बोलणं सुरू झालेलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून बसवंत खायला बसला. सकाळी तुपात भिजलेली शेंगापोळी, दुपारी हुग्गी, म्हणजे त्यांच्यातली गव्हाची खीर, वर दुधाची वाटी. आई समोर बसून वाढायची. पहिले दोन दिवस घास फिरला. तिसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन वाटी पुढं केली. त्याला खायला आवडत होतंच, आणि ह्याचीच त्याला सगळ्यात जास्त चीड आली. अंगानं जणू वाट बघितल्यासारखं सगळं परत घेतलं. सदरा पोटावर ताणला, गाल वर आले. गिऱ्हाईकं म्हणायला लागली, "आता बरं वाटायलंय का मालक?" तो म्हणायचा, "हाव."

येळवशीला शेतात कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपी, उभी केली होती. बिलोलीचे पाहुणे गाडीतून उतरून धुऱ्यावरून, बांधाबांधानं चालत आले. गुरुबसप्पांना एवढ्यातच धाप लागली, बसताना दोघांनी हाताला धरलं. पंगतीत भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील होती. गुरुबसप्पांचं लक्ष स्वतःच्या ताटापेक्षा बसवंतच्या ताटावर होतं. बसवंतनं भज्जी तिसऱ्यांदा घेतली, आंबील बिंदगीतून ओतून घेतली आणि मोठ्यानं ढेकर दिला.

"आता कसं!" गुरुबसप्पा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "आता खानावळवाले दिसायलाव."

कोपीतच सोयरिकीचा नारळ फुटला. केवळाबाईनं डोळ्याला पदर लावला.

रविवारी सकाळी मकसूद खानावळीत आला आणि गल्ल्याला टेकून उभा राहिला.

"आज था वो."

"हाव."

"जाने दो. शादी हुए बाद करेंगे."

"लग्नानंतर पोरगी त्यांच्या घरात ऱ्हाणार," बसवंत म्हणाला. "उद्या तिला दिवस गेले, अन् मी वाळून गेलो बघायला, तर तिला काय काय ऐकवतील? तिचा भाऊ न्हाई, बाप न्हाई. मी जाडच बरा हाय."

मकसूदनं टेबलावरचं पाणी बोटानं पुसलं.

"सायकल को एक गिऱ्हाईक है. दूधवाला. मजबूत चाक मांग रा."

"दिऊन टाक. हवा भर, टायरं बसलेत."

मकसूद सायकल हातानं ढकलत गल्लीच्या वळणावर गेला. बसवंतनं त्याला जाताना बघितलं नाही. जेवणाची वेळ झाली होती, आतून आरती पाणी आलं नाही म्हणून ओरडत होती. दारात रेणापूरकडचा एक बाप पोराची बॅग घेऊन उभा होता. त्यानं आत डोकावून गल्ल्यावरच्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चपला काढल्या.

"या, बसा," बसवंत म्हणाला. "भाकर कडक देऊ का मऊ?"