शेवग्याचा वळसा

देवळालीचा एक गोरा साहेब विलायतेला परतताना आपली चावीची आगगाडी विकून गेला. ती माझ्या मावसभावाने घेतली. गाडी त्याची, अंगण माझं, असं त्यानेच ठरवलं.

उन्हाळाभर मी अंगणात रांगोळीने रूळ आखले, पुसले, पुन्हा आखले. रूळ फार वाकवले की गाडी घसरते, म्हणून मधल्या शेवग्याला चांगला ऐसपैस वळसा घातला. भाऊ दर रविवारी यायचा, पावलं टाकून मापं घ्यायचा आणि "वा!" म्हणायचा. पाऊस सुरू झाल्यावर म्हणाला, "दसरा होऊ दे, मग रूळ टाकू."

दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर गाडी त्याच्याच अंगणात धावत होती! आखणी माझी, वळसासुद्धा माझा. एका पाहुण्याने विचारलं, "एवढ्या मोकळ्या अंगणात मध्येच हा फेरा कशाला?"

"त्यात शास्त्र असतं," भाऊ म्हणाला. "महिनाभर डोकेफोड केलीय मी."

डोंबलाचं शास्त्र! आपट्याची पानं माझ्या मुठीत चुरगळली होती. ती तशीच त्याच्या हातावर ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "माझ्या दारचा शेवगा तेवढा न्यायचा विसरलास."