साधा कॅन्सर

किस्से कुणी गोळा करत नसतं, ते साचतात. सिंकमधल्या भांड्यांसारखे! आज घासू, उद्या घासू म्हणता म्हणता ढीग होतो आणि एक दिवस वास यायला लागतो.

मी सांगलीतल्या एका हॉस्पिटलात रेडिएशनच्या मशिनवर टेक्निशियन आहे. म्हणजे कॅन्सरच्या पेशंटला मशिनखाली झोपवायचं, नेम धरायचा आणि बाहेर येऊन बटण दाबायचं. गावाकडची माणसं याला 'शेक' म्हणतात. आत दहा मिनिटं लागतात, बाहेर बाकावर मात्र दोन-दोन तास. तेही रोज, कित्येक आठवडे. त्यामुळे बाकावर बसणाऱ्यांचं एक गावच तयार होतं, आणि गाव म्हटलं की गप्पा आल्याच.

"इतकं वाईट सांगताना तू हसतेस कशी गं?" माझी मैत्रीण विचारते. अगं, रडून झालंय. आता नुसता संताप येतो, आणि चारचौघांत संतापण्यापेक्षा हसणं बरं दिसतं.

*

लॉकडाऊनचे पहिले दिवस. उंब्रजचे एक आजोबा मुलाच्या गाडीतून शेक घ्यायला यायचे. घशाचा कॅन्सर. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसाने गाडी अडवली आणि नेमकी तेव्हाच आजोबांना खोकल्याची उबळ आली. पोलीस टुणकन मागे! "गाडी फिरव! आधी फिरव!" म्हणून काठी आपटायला लागला.

मुलगा खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, "साहेब, भिऊ नका! कोरोना न्हाई, साधा कॅन्सर हाय!"

"मग आधी सांगायचं की रं!" पोलिसाने बॅरिकेड बाजूला सारलं.

हा किस्सा बाकावर आजोबांनीच सांगितला, त्या बसलेल्या घशाने. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

कारण त्या पोराचं काय चुकलं होतं? साधाच झाला होता कॅन्सर तेव्हा! आमच्याकडचा वरचा मजला कोरोनासाठी घेतलेला, ऑपरेशनं पुढे ढकललेली, आणि गाठ दाखवायला आलेल्या बायकांना गेटवरूनच "अर्जंट नसेल तर नंतर या" म्हणून परत पाठवत होते. गाठीला कुणी कळवलं नव्हतं लॉकडाऊन आहे म्हणून! ती आपली वाढतच होती. कोरोनाने किती गेले ते रोज टीव्हीवर दाखवायचे. आमच्या बाकावरून किती गेले, बाकापर्यंत न पोचताच किती गेले, हे विचारायला एकही माईकवाला आला नाही.

*

म्हसवडजवळच्या एका गावातल्या कमलताई. छातीचा कॅन्सर. नेम चुकू नये म्हणून आम्ही कातडीवर जांभळ्या शाईने रेघा मारतो आणि बजावतो, शेक संपेपर्यंत पुसायच्या नाहीत. कमलताईंची एक रेघ गळ्यापर्यंत येत होती. त्या दिवसांत क्वारंटाइनवाल्यांच्या हातावर शाईचा शिक्का मारायचे, आठवतंय ना? नळावर कुणाला तरी पदराआडून रेघ दिसली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, 'कमलला शिक्का मारलाय!' दूध बंद. गिरणीवाला दळण घेईना. शेजारीण दार उघडेना.

बाईने तारेची घासणी घेतली आणि रेघा घासून काढल्या. दुसऱ्या दिवशी आली तर कातडी सोललेली, रक्त साकळलेलं. "म्याडम, कायबी करा. मला गावात ऱ्हायाचं हाय," एवढंच म्हणाली.

मी तिथल्या तिथे सरपंचांना फोन लावला. हा शिक्का नाही, ही उपचाराची खूण आहे, हिला कोरोना नाही, कॅन्सर आहे, असं सगळं पहिलीच्या पोराला सांगावं तसं समजावलं. सरपंच "व्हय, व्हय" करत ऐकत होते.

शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "म्याडम, सगळं पटलं. पर ह्यो कॅन्सर तरी नळावर पसरत न्हाई न्हवं?"

*

मग लस आली. बाकावर दुसरा विषयच नाही. शेक चालू असताना घ्यावी का? गाठीला चालते का?

कराडचे एक रिटायर पोस्टमन होते. त्यांचा आजार आटोक्यात आला होता. शेवटचे थोडेच शेक राहिले होते. बिचारे धीर करून मोठ्या सरांकडे गेले. मोठे सर म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचे प्रमुख. हाताला यश, जिभेला धार!

"सर, लसीचा काय तरास हुतो का? मला चालंल का?"

सरांनी मानही वर केली नाही. "डॉक्टर तुम्ही की मी? ते व्हॉट्सअ‍ॅप बंद करा आधी!"

पोस्टमनकाका बाहेर आले आणि मला म्हणाले, "माझ्याकडं न्हाई वं ते व्हॉट्सअ‍ॅप." आणि घरी जाऊन त्यांनी ते सुरू करून घेतलं! सर बोलत नाहीत, तर कुणाला तरी विचारायला हवंच की. पुढच्या आठवड्यात ते बाकावर सगळ्यांना सांगत होते, लसीने हाताला चमचा चिकटतो, बरा झालेला कॅन्सर लसीने परत येतो. लस त्यांनी घेतली नाही.

दुसऱ्या लाटेत ते गेले. कॅन्सरने नाही. घाबरलेल्या माणसाला झिडकारलं की तो गप्प बसत नाही, दुसऱ्याकडे जातो, एवढं साधं या मोठ्या लोकांना कळू नये याचा मला आजही राग येतो. सरांना कळवलं तर म्हणाले, "बघा, मी सांगत होतो!" काय सांगत होतात, सर?

*

कोरोना ओसरला, आणि उशीर झालेल्यांची रांग लागली. त्यात सुभेदार आले. कोयनानगरच्या वरच्या अंगाला खेडं, मिलिटरीतून रिटायर, धिप्पाड माणूस. पेशंट त्यांची बायको, शालनकाकू. छातीतला कॅन्सर हाडांत उतरला होता. शेक होता तो दुखणं कमी व्हावं म्हणून, बरं व्हावं म्हणून नव्हे. दोघांनाही तसं सांगितलेलं होतं.

बाकावर कुणीही येऊन बसलं की सुभेदारांचा एकच प्रश्न. "लस कवा घेतली? आन् गाठ कवा आली?"

कारण शालनकाकू लस नको म्हणत होत्या. यांनी ओळख लावून, गाडी करून, त्यांना सगळ्यांच्या आधी नेलं होतं. वर्षाभराने गाठ निघाली. "म्याडम, खरं सांगा, मीच मारली का वं तिला?" एकदा त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

शेजारी बसणारा, तोंडाचा कॅन्सर झालेला इस्लामपूरचा एक पेशंट मात्र त्यांना लगेच पटायचा. "लसीनंच, सुभेदार! माझं त्वांड लस घेतल्यावरच आलंय!" हे तो खिडकीतून पिचकारी मारून आल्यावर सांगत होता.

मी म्हटलं, "आणि तंबाखू?"

"तंबाखू तर मी पोरवयापास्नं खातोय की म्याडम! इतक्या वर्सांत काय झालं?"

सुभेदारांनी मान डोलावली. मी तोंडातल्या तोंडात शिवी दिली. तंबाखूला नव्हे.

*

अशा माणसाला गिऱ्हाईक करणारे टपलेलेच असतात. सुभेदारांना 'लस उतरवणारा काढा' विकणारा भेटला. बाटलीवर त्याचा स्वतःचाच फोटो, कपाळाला गंध, हात जोडलेले. काकूंना तो काढा पाजला. उलट्यांनी बाई अर्धी झाली, शेक बुडाले, दुखणं परत वाढलं. रात्रंदिवस कण्हत होत्या.

आणि काही दिवसांनी तोच फोटोवाला आमच्या काउंटरवर! आईला घेऊन आला होता. गर्भाशयाचा कॅन्सर. मोठ्या सरांचीच अपॉइंटमेंट पाहिजे म्हणून अडून बसला होता.

मी विचारलं, "आईंची लस झालीय?"

"सगळे डोस झालेत, म्याडम. बूस्टरसकट."

"मग उतरवली नाही? काढा दिला नाही का तुमचा?"

माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी! "काय बोलताय म्याडम? आई हाय ती माझी!"

*

शालनकाकूंच्या शेकाचा शेवटचा आठवडा. सुभेदार एका नव्या पेशंटला आपल्या गावचा पराक्रम सांगत होते. "पयल्या लाटंत आमच्या गावात कोरोना न्हाई म्हंजी न्हाई! वेशीवर बाभळी आडव्या टाकल्या आन् काठी घिऊन मी सोता हुबा. आतलं मानूस भाईर न्हाई, भाईरचं आत न्हाई!" नवा पेशंट खूश. काकू शेजारी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

तेवढ्यात नीता मॅडम बाहेर आल्या. या आमच्या लहान डॉक्टर, नव्याने आलेल्या. सुभेदार ताडकन उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी तोच प्रश्न टाकला, लसीनेच आली का हिची गाठ? मला वाटलं, आता याही फटकारणार.

मॅडम बाकावर बसल्या. चक्क पेशंटच्या बाकावर! म्हणाल्या, "सुभेदार, लसीचा त्रास होतो. ताप, अंगदुखी बऱ्याच जणांना झाली. फार थोड्यांना मोठा त्रासही झाला. तो लपवायचं कारण नाही, तशा माणसाची चौकशी झालीच पाहिजे. पण लसीने कॅन्सर होतो असं कुठल्याही तपासणीत दिसलेलं नाही. आणि काकूंचा आजार मला जुना वाटतो." मग काकूंकडे वळल्या. "काकू, गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली?"

"लसीनंतर वर्सानं," सुभेदार म्हणाले. "मी सांगतो की!"

"आवं, तुमी थांबा," काकू म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

"लसीचं नावबी न्हवतं तवा. कडक लॉकडाऊन हुतं. आंघुळीला हाताला लागली."

सुभेदार खाली बसले. "मग मला बोलली का न्हाईस?"

"बोलायलाच आले हुते. डाक्टरकडं जायाचं म्हणून पिशवी भरून वेशीपत्तूर आले. तुमी काठी घिऊन हुबा. म्होरं सदूची बायको हुती, पोटात लय दुखतंय, कराडला जाऊ द्या म्हणत हुती. तुमी तिला म्हणालासा, मरायचं तर आपापल्या घरात मरा."



"मग मी माघारी फिरले," काकू म्हणाल्या. "तवापास्नं घरातच हाय की मी."